डावा काठ

कल्याणच्या बेकरीत पावासाठी उभा असताना इनास तुस्कानोची नजर सहज समोरच्या भिंतीवर गेली. जानेवारी २००३ मधला पहिला रविवार होता. चर्चमधली सकाळची मिस्सा संपवून माणसं थेट इकडे आली होती आणि बेकरीवाल्यानं धर्मप्रांताचं नवं कॅलेंडर नुकतंच खिळ्याला अडकवलं होतं. वर मोठा फोटो, खाली बारा महिन्यांच्या बारा चौकटी. फोटो त्याच्या बंधाऱ्याचा होता. डोळखांबच्या वरच्या डोंगरात, टेंभपाड्याच्या ओढ्यावर, त्यानं वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी उभी केलेली बावीस मीटर लांबीची दगडी भिंत. मागे साचलेलं पाणी, पाण्यात पडलेला डोंगर, आणि भिंतीवर ओळीनं बसलेल्या पाड्यावरच्या बाया. खाली छापलं होतं, ‘लोकांच्या हातांनी, लोकांसाठी.’ त्याला बरं वाटलं. मागच्या माणसाला दाखवावं असंही क्षणभर मनात आलं. मग त्याला ते गवत दिसलं. भिंतीच्या खालच्या अंगाला, डाव्या काठाशी, दोन हात रुंद हिरवा पट्टा. बाकी सगळा फोटो करपलेला होता; सागाला पान नव्हतं, म्हणजे एप्रिल. एप्रिलमध्ये तिथं हिरवं काही असायचं कारण नव्हतं, एकच सोडून. “किती देऊ?” बेकरीवाल्यानं विचारलं. इनासनं दोनदा ओठ हलवले. “साहेब, किती?” तेव्हा तो म्हणाला, “डावीकडून,” आणि मागची बाई हसली.

घरी तेच कॅलेंडर स्वयंपाकघरात लागलेलं. रेजिनानं, त्याच्या बायकोनं, मिस्सेनंतर चर्चच्या दारातून गुंडाळी आणली होती. “तुमचा बांध आला बघा,” ती कौतुकानं म्हणाली, “आणि तुम्ही तोंड असं का केलंय?” त्यानं पाव ओट्यावर ठेवले आणि फोटोकडे पाठ करून बसला. पाठीला तो पट्टा जाणवत राहिला, ओल्या कपड्यासारखा. ते बघून कुणालाही गवतच दिसणार. बिशपांना, फादरांना, छापणाऱ्याला, अख्ख्या धर्मप्रांतातल्या घराघरांत. त्या हिरव्याचा अर्थ लागेल असा एकच माणूस होता, आणि तो चहात पाव बुडवत होता. पाणी खालून जात होतं. भिंतीच्या पायाखालून, जिथं पाया खडकावर बसला नव्हता तिथून. नऊ वर्षं ते जात असणार.

मे १९९४. शहापूरच्या मिशनच्या समाजकेंद्रात तो पहिल्यांदा नोकरीला लागला होता. डिप्लोमा झालेला वसईचा पोरगा, खिशाला दोन पेनं. केंद्र चालवायचे फादर कैतान, ठेंगणे, उन्हानं रापलेले, पायात कायम रबरी चपला. त्यांचं एक वाक्य केंद्रात सगळ्यांना पाठ होतं: “आपण निघून गेल्यावर जे चालू राहतं त्यालाच काम म्हणायचं, बाकी सगळी पाहुणचाराची भाकर.” टेंभपाड्यावर चौतीस घरं, सगळी ठाकरांची. दिवाळी झाली की भात-नाचणी डब्यात ओतायची, दाराला काटक्या लावायच्या आणि पोराबाळांसकट वीटभट्टीवर जायचं; पाड्यावर म्हातारी आणि कुत्री राहायची. ओढ्याचं पाणी अडलं तर वाल होईल, भेंडी-काकडी होईल, माणसं घरी राहतील, पोरं शाळेत टिकतील, असं फादरांचं गणित. बंधाऱ्यावर क्रूस नको, पाटी नको, नाव नको, हेही त्यांनीच ठरवलं. “पाणी प्यायला कुणाला वाकून नमस्कार करावा लागता कामा नये,” ते म्हणाले होते. इनासनं चाचणीचा खड्डा घेतला आणि सांगितलं, पाच फुटांवर खडक आहे. मधे लागला, उजवीकडे लागला. डावीकडे पाच फुटांवर लागला नाही. सातवर नाही. नऊ फुटांवर पिवळा मुरूम आणि चिकणमाती, पहार घातली तर लोण्यात गेल्यासारखी जायची. एकोणीस दिवस खणत होते. चाळीस माणसं काठावर बसून त्याच्याकडे बघत होती. बाया डोक्यावरच्या पाट्या उतरवून, एक पाय दुमडून. आणखी किती, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. माणसं नुसती बघत होती, आणि पाच फूट म्हणणारा तो नुसता उभा होता. आभाळ भरून यायला लागलं होतं. फादर काठावर येऊन वाकले. “खडक लागला का रे इनास?” आणि त्यानं वर न बघता म्हटलं, “लागला, फादर.”

एवढंच. दोन शब्द. त्यानंतर त्यानं दरवर्षी नाताळाआधी आणि पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाआधी कुमसार केला, जाळीपलीकडच्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून पापं मोजली. खोटं बोललो, चार वेळा. खोटं बोललो, सहा वेळा. त्या चारांत आणि सहांत ते एक असायचंच, पण कुठलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. प्रायश्चित्ताला तीन नमो मारिया म्हणायला मिळायच्या. त्या तो मनापासून म्हणायचा आणि हलकं वाटून बाहेर यायचा. फक्त तो हलकेपणा चर्चच्या पायऱ्या संपेपर्यंतच टिकायचा. पहिल्या पावसात भिंत उभी राहिली, दुसऱ्या पावसात उभी राहिली. पाणी एप्रिलपर्यंत टिकायला लागलं. निम्मा पाडा भट्टीवर जायचा थांबला. फादर कैतान १९९९ मध्ये हृदयविकारानं गेले तेव्हा टेंभपाड्याची वीस माणसं आटगावला गाडी धरून पुरायला आली होती, आणि कबरीवर माती टाकताना इनासच्या मनात जे आलं त्याची त्याला अजून शरम वाटते. आलं होतं ते हेच, की आता विचारणारं कुणी उरलं नाही.

मंगळवारी त्यानं साइटवर दांडी मारली. तो आता कल्याणात एका बिल्डरकडे होता. केंद्राचं काम फक्त सल्ल्यापुरतं, वर्षातून एखादी फेरी, तीही पावसाळ्यात, सगळंच हिरवं असताना. शहापूरला पोचला तेव्हा केंद्राचे नवे संचालक फादर विल्सन टेबलावर नकाशे पसरून बसले होते. तरुण माणूस, बोलताना टाचा उचलायची सवय. “बरं झालं आलास. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी टेंभपाड्याचा बांध लोकांच्या ताब्यात देतोय. रीतसर. गावाची समिती, सह्या, सगळं. नऊ वर्षं पुरे झाली. कैतान फादरांचंच स्वप्न, नाही का? आणि हे बघ.” त्यांचं बोट मुरबाडकडे सरकलं, धसईच्या पलीकडे. तिथं निळ्या पेन्सिलीनं अकरा आडव्या रेघा मारल्या होत्या. “अकरा. तुझ्याच ड्रॉइंगवरून. तेच माप, तीच खोली. सिद्ध झालेली गोष्ट आहे म्हटल्यावर नवीन कशाला शोधायचं?” इनास त्या रेघांकडे बघत राहिला. अकरा डावे काठ. त्यानं तोंड उघडलं तेवढ्यात फादर आवाज खाली आणून म्हणाले, “एक सांगतो. गेल्या महिन्यात तालुक्याची चार पोरं पाड्यावर जाऊन आली. मिशननं तुमच्याकडून काय लिहून घेतलं, कुणाच्या गळ्यात काय घातलं, विचारत होती. लखमानं परतवलं त्यांना. पण एवढासा दोष सापडला ना, एवढासा, तर नऊ वर्षांचं काम एका दिवसात बदनाम होईल. म्हणून हस्तांतरण स्वच्छ व्हायला हवं.” “हो,” इनास म्हणाला. “शेवटची पाहणी करून येतो.” फादरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याला जड लागला.

डोळखांबपर्यंत एसटी, पुढं पायी दीड तास. चढावर त्याला धाप लागली, आणि प्रत्येक वळणावर एक वाक्य तयार होऊन मोडत गेलं. थोडी गळती दिसतेय. पाया थोडा उथळ राहिला असावा. राहिला असावा! जणू तो पाया आपला आपणच उथळ राहायला बसला होता. भाषेत किती पळवाटा असतात हे त्याला त्या चढावर कळलं. क्रियापद जरा फिरवलं की माणूस वाक्यातून निघून जातो. खरं वाक्य अगदी छोटं होतं आणि त्यात ‘मी’ होता. ते जमलं की पायवाटेवरचा एखादा दगड घरंगळायचा आणि त्याचं लक्ष उडायचं. लक्ष उडावं म्हणून तोच दगडांवर पाय देतोय, असंही त्याच्या लक्षात आलं.

लखमा वालाच्या मळ्यात भेटला. पाड्याचा म्हातारा कारभारी, अंगात बंडी, डोक्याला गुंडाळलेलं फडकं. भोवती हिरवंगार होतं. शेंगांचा तो उग्र, कच्चा वास. दोन बाया भेंडी तोडत होत्या, उद्याच्या बाजाराची. जानेवारीत माणसं पाड्यावर होती. पोरांचा शाळेतला गलका वाऱ्यावर येत होता. हे सगळं आपल्या खोटेपणावर उभं आहे की खोटं असूनही उभं आहे, असा प्रश्न त्याच्या मनात आला. “भाऊ, आज कसा काय वाट चुकलाव?” लखमानं हात पुसत विचारलं. “बांध बघू या, दादा,” इनास म्हणाला.

भिंत तशीच होती. पण इनास उताराच्या बाजूला थांबला नाही, वरच्या अंगाला गेला, पाण्याच्या कडेनं डाव्या काठाशी. आणि तिथं त्यानं जे पाहिलं ते त्याच्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं. भिंतीच्या कुशीला लागून काळ्या मातीचा जाड उतरता थर होता, पाण्याखाली खोल गेलेला. वर दगडांची ओळ नीट रचलेली. मातीत भाताचा पेंढा दिसत होता, तुडवून तुडवून मुरवलेला. हाताचे ठसे होते. किती हातांचे, कोण जाणे. “हे कुणी केलं?” “आमीच की,” लखमा म्हणाला. “दर साली मे महिन्यात पाणी खाली गेला का लिंपतंव. तिथना झिरपतंय ना. पयल्या सालापासनाच. पाच-सहा दिस लागतान समद्या पाड्याला.” “पण मला कधी सांगितलं नाहीत!” लखमा त्याच्याकडे नवलानं बघायला लागला. “तुमाला काय सांगाचा त्यात? भाताचा बांध नाय का दर साली लिंपाय लागत? नाय लिंपला तर र्‍हातंय का पाणी? ह्यो जरा मोठा, इतकाच.” इनासला हसू आल्यासारखं झालं. नऊ वर्षं तो या भिंतीला घाबरत होता, आणि नऊ वर्षं ही माणसं तिला हातानं धरून उभी होती. आणि त्यांना त्यात दोष असा दिसलाच नव्हता. छातीवरचं काहीतरी सुटायला लागलं. दोष कुणाच्याच मनात नाही. मग तो आहे कुठे? म्हातारा मात्र डाव्या काठाच्या दरडीकडे बघत बसला होता. मग हळूच म्हणाला, “आता ताब्यात देतात म्हंतान. मंग एक गोठ सांगून टाकतंय. फादरबाबाला आमी खोटा सांगलेला. कोंडू आंब्यावरना नाय पडला. हितं पडला.”

पाड्यावरच्या कोंडूचा पाय. १९९८ च्या मे मध्ये मोडला होता, गुडघ्याखाली, आणि वाकडाच जुळला. झाडावरून पडला, असं मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरला सांगितलं होतं. इनासनंच त्याला कल्याणच्या चर्चमधून कुबड्या आणून दिल्या होत्या, आणि त्या दिवशी घरी जाताना आपण भलं केल्याचा आनंद त्याला पुरता वाटला होता. “ही माती काढीत व्हता,” लखमा दरडीकडे हात करून सांगत होता. “वरना धोंडा सुटला. फादरबाबा म्हनलेला, बांधाच्या कामात कोना मानसाला लागला तर काम बंद. तवा आमी भ्यालो. बांध बंद झाला तर परत भट्टी. कोंडूच म्हनला, सांगा आंब्यावरना पडला.” ओढ्याच्या पाण्यावर एक खंड्या सुर्रकन गेला. इनास मातीत हात टेकून खाली बसला. दोषातून सुटायला त्याला जी जागा मिळाली होती ती आता राहिली नव्हती. आत कुठेतरी एक आवाज मात्र अजून शांतपणे हिशोबी बोलत होता: यांच्या लेखी झिरपणं हा ओढ्याचा स्वभाव. धोंडा पडणं हे नशीब. तू गप्प बस, चहा पी, घरी जा. समितीला सांग की लिंपण चालू ठेवा. मुरबाडची खोली दोन मीटरनं वाढव, कारण कुणी विचारणार नाही. सगळं वाचतं. फादर वाचतात, मिशन वाचतं, पाडा वाचतो. सगळ्यांच्या भल्याचं आहे. तो आवाज इतका समंजस होता की त्याची भीतीच वाटावी.

कोंडूचं घर काठाला होतं. तो ओट्यावर बसून कामट्यांची पाटी विणत होता, वाकडा पाय पुढे पसरून. कुबड्या कुडाला टेकलेल्या, बगलेकडची कापडं झिजलेली. “याव भाऊ, बसाव,” तो म्हणाला. त्याची बायको रखमी कोरा चहा घेऊन आली. चाळिशीची, काटक, कपाळावर गोंदण. चहात गूळ जास्त होता, पाहुण्यासाठी. इनासनं दोन घोट घेतले. लखमा म्हणाला, “भाऊला सांगला मी, पायाचा.” कोंडू लाजल्यासारखा हसला. “रागवू नका भाऊ. पाप झाला, फादरबाबाशी खोटा बोललो.” या माणसाला आपल्यापुढे पापाची भीती वाटावी! इनासनं पेला दोन्ही हातांत धरला. चढावर मोडलेलं वाक्य आता पूर्ण होऊन जिभेवर आलं आणि ते बाहेर पडताना त्याला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. “कोंडू, तो झिरपा ओढ्याचा नाही. माझा आहे. त्या बाजूला खाली खडक लागलाच नव्हता. फादरांनी विचारलं तेव्हा मी लागला म्हणून सांगितलं. भिंत मातीवर उभी केली. म्हणून तिथनं पाणी जातं, आणि म्हणून तुम्हाला दर वर्षी माती काढावी लागते.”

कोंडूच्या हातातली कामटी अर्धी वाकून थांबली होती. “म्हंजी,” तो सावकाश म्हणाला, “खडकावं असता तर लिंपाय नसता लागला?” “नाही.” “मंग मी तिथं गेलूच नसतू.” “नाही.” “तुमाला कवापासना म्हाईत?” “पहिल्या दिवसापासून.” कोंडूनं मान खाली घातली आणि कामटी ओवायचा प्रयत्न केला, ती दोनदा चुकली. लखमा दुसरीकडे बघत होता. रखमी पुढे आली. तिनं इनासच्या हातातून पेला काढून घेतला, ओढून नाही, जसा रिकामा झाल्यावर घेतात तसा, आणि उरलेला चहा अंगणात ओतला. मग तिथंच उभी राहून म्हणाली, “मना वाटला, व्हाळ रागावला. त्याचा पाणी अडवला म्हनून मान्सा मागला त्यानं. पाच वरसां मी त्याला नारळ देतंय. हात जोडतंय, पोरांना संबाल म्हंतंय.” तिचा आवाज चढला नाही. “आता कोनाला देऊ?”

इनास उठला तेव्हा कुणी बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. उतरताना डोळखांबपर्यंत त्याला वाटत राहिलं की आपण काहीतरी फोडून आलो आहोत. पाच वर्षं त्या बाईच्या दुःखाला एक जागा होती. ते वाहत्या पाण्याला देता येत होतं, नारळ फोडून घरी परतता येत होतं. आता त्या दुःखाला माणसाचं तोंड होतं, चष्मा होता, खिशाला पेन होतं. आपण खरं बोललो ते तिच्यासाठी की स्वतःसाठी? हा प्रश्न खरा होता, आणि उत्तर काहीही आलं तरी बोललेलं परत घेता येत नव्हतं.

फादर विल्सननी ऐकलं तेव्हा आधी दार लावलं. टाचा उचलायची सवय थांबली होती. “तुला कळतंय तू काय केलंस? आधी माझ्याकडे यायचं होतंस! कुमसारात सांगितलं असतंस!” “म्हणूनच नाही सांगितलं,” इनास म्हणाला. “कुमसारात सांगितलं असतं तर तुम्हाला कुणाला सांगता आलं नसतं. तिथंच राहिलं असतं ते.” फादर खिडकीशी गेले. बाहेर शिवणवर्गाच्या मुली मशिनी आत घेत होत्या. मग ते वळले, टेबलावरचा मुरबाडचा नकाशा त्यांनी गुंडाळला, रबर लावलं आणि कपाटात ठेवून दिला. “मला फार राग आलाय,” ते म्हणाले, “आणि तो फक्त तुझा नाही. तू इथं बसला होतास तेव्हा मीच तुला गप्प केलं.” पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर ते पाड्यावर गेले. इनास बरोबर होता. चौतीस घरांच्या माणसांसमोर फादरांनी चूक आमची आहे असं सरळ सांगितलं आणि मग काय करायचं ते तुम्ही सांगा म्हणाले. लोक दुपार कलेपर्यंत आपसात भांडले. काहींनी बांधच फोडा म्हटलं. तालुक्याची ती चार पोरं परत येतील, त्यांना काय सांगायचं, असंही कुणी विचारलं. रखमी भिंतीला टेकून उभी होती, एक शब्द बोलली नाही. शेवटी लखमा उठला. “सह्या नाय करनार. आधी खडक दावा. मंग ताबा. आन् खनताना आमच्यासंगती हे भाऊ खाली उतरतील. काठावं नाय. खाली.” फेब्रुवारीचा रविवार गेला. तालुक्याच्या एका पत्रकात चार ओळी आल्या. केंद्राला प्रश्न विचारणारी पत्रं आली, त्यांना फादरांनी खरी उत्तरं दिली. मुरबाडचं काम वर्षभर मागं गेलं.

मे मध्ये इनासनं बिल्डरकडून रजा मागितली, मिळाली नाही, म्हणून नोकरी सोडली. रेजिना त्यावर दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिनं त्याचे जुने कपडे बांधून दिले. पाणी उतरलं होतं. डाव्या काठाला वरच्या अंगानं, खडक लागेपर्यंत न्यायचा म्हणून, चर खणायला सुरुवात झाली. दोन्ही बाजूंना लाकडी टेकू लावत जायचे, असा त्याचा हट्ट होता. नऊ फूट, दहा, अकरा. तो खाली असायचा, पहारीनं माती सोडवायचा, पाटीत भरायचा. वरून दोरानं पाटी ओढायचं काम रखमीनं घेतलं होतं. तिनंच ते मागून घेतलं होतं, लखमाकडून. चार महिन्यांत ती त्याच्याशी बोलली नव्हती आणि या आठ दिवसांतही नाही. पाटी यायची, भरायची, वर जायची. आकाशाच्या अरुंद पट्टीत तिचं डोकं दिसायचं, ऊन मागे असल्यानं चेहरा काळा. खाली मातीचा थंड, जुना वास होता. डोक्यावर दरड होती, तीच. तिच्यातले धोंडे त्यानं मोजून ठेवले होते. अंग सतत ताठ असायचं, आणि हे असंच असायला हवं असं त्याला वाटायचं. कोंडू पाच वर्षांपूर्वी इथंच कुठेतरी वाकून माती काढत असणार, कसलीही भीती न वाटता.

नवव्या दिवशी, अकरा वाजायच्या सुमाराला, तो वाकून खणत असताना मानेवर भुरभुर माती पडली. त्यानं वर पाहिलं. रखमी काठावर वाकली होती, हातात दोर, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या डोक्याच्या वरच्या बाजूला, टेकूच्या मागे कुठेतरी बघत होती. तिथं काय आहे ते त्याला दिसत नव्हतं. तिला दिसत होतं. तिचे डोळे मोठे झालेले त्यानं पाहिले, ओठ मिटलेले पाहिले. पक्षी नाही, पहारींचे आवाज नाहीत. फक्त कुठेतरी लाकूड करकरत होतं आणि ती बघत होती. मग तिची नजर खाली आली, सरळ त्याच्या नजरेत, आणि तिथं थांबली.

“भाऊ, सरका!” ती ओरडली. “सरका तिकडं, माती येतंय!”

तो उजवीकडे भिंतीला जाऊन आदळला. टेकू मोडला आणि तो उभा होता त्या जागी गुडघाभर माती येऊन पडली, तिच्यामागून डोक्याएवढा एक धोंडा. धूळ बसायला वेळ लागला. वर लखमाचा, पोरांचा आरडाओरडा चालू होता. कोंडूचाही आवाज होता त्यात. तिनं पाहिलं तेव्हापासून ती ओरडली तोवर किती वेळ गेला होता? एक श्वास? दोन? माणूस घाबरला की तेवढा वेळ लागतोच. किंवा लागत नाही. पुढं कितीतरी वर्षं, मुरबाडच्या चरांत उतरतानाही, तो मधला वेळ त्याच्या अंगात जागा असायचा, पण तिला त्यानं कधी विचारलं नाही.

दोर हलला. वरून रिकामी पाटी खाली आली, त्याच्या छातीशी येऊन थांबली. त्यानं ती धरली आणि पडलेली माती भरायला घेतली.